बॅकअप घ्या म्हणता, पण गठ्ठे कोण बांधणार?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

३१ मार्चला जागतिक बॅकअप दिवस असतो म्हणून तुमच्या पुरवणीत अर्धं पान आलं होतं, ते मी चार-पाच दिवसांनी वाचलं, कारण ३१ मार्चला आमच्यासारख्या हिशोबवाल्याला पाणी प्यायला टाईम नसतो. दुसऱ्या दिवशी एप्रिल फूल होऊ नका म्हणून तो दिवस आदल्या दिवशी ठेवलाय म्हणे. ज्यानं ठेवला त्याला एकदा वर्षअखेरीला लातूरच्या आडत बाजारात आणून बसवा, स्वतःहून तारीख बदलून जाईल.

असो. लेख चांगला होता. तीन कॉपी ठेवा, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवा, एक बाहेर दुसऱ्या जागी ठेवा, हा जो ३-२-१ चा नियम तुम्ही छापला (पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरमुळं तो लोकांपर्यंत गेला) तो बरोबरच आहे, त्याला माझी ना नाही. पण तीन कॉपी कशाच्या, हे कुणी लिहितच नाही. लेख वाचून माणूस काय करतो, तर एक टीबीची डिस्क आणतो, सॉफ्टवेअर टाकतो, त्यात पूर्ण डी ड्राइव्हवर टिक मारतो आणि निवांत झोपतो. मी पण तेच केलं होतं, आणि पार तोंडावर पडलो, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, काटछाट करायची तर करा पण टॅलीचा (म्हणजे आमच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा) भाग तेवढा ठेवा.

मी दोन आडती आणि एका दालमिलचा हिशोब बघतो. सुरुवात लाल वह्यांवर केली, मग टॅली आली, मग पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचं वजन आणि रक्कम लिहून देतो त्या कागदाचं, वेगळं सॉफ्टवेअर आलं, मग जीएसटी आला, आणि आता मुनीम म्हणजे अर्धा कॉम्प्युटरवाला झालाय. तीन वर्षांखालची गोष्ट आहे, मे महिना, औशाकडचे एक काका आले. त्यांच्या भावाभावात वाटणीचं चाललं होतं आणि २०१८-१९ ला कुणाच्या नावावर किती सोयाबीन आलतं त्याचा कागद त्यांना पायजे होता. म्हणले, "मुनीम साहेब, तेवढ्या पट्ट्या काढून द्या, लई उपकार होतील." मी म्हणलं बसा काका, चहा घ्या, पाच मिनिटाचं काम आहे. त्या वर्षाची कंपनी (टॅलीत एका दुकानाच्या हिशोबाला कंपनी म्हणतात) वेगळी करून ठेवलेली होती, वर्ष संपलं की आम्ही स्प्लिट करतो तशी. उघडायला गेलो तर एरर. परत केलं, परत एरर. तरी मी घाबरलो नाही, कारण माझ्याकडं बॅकअप होता ना, रोजचा, न चुकता, हिरवी टिक दाखवणारा!

कालचा बॅकअप उघडला, तीच एरर. मागच्या आठवड्यातला उघडला, तीच एरर. सगळ्यात जुना जो होता तो अकरा दिवसांचा होता, त्यात पण तीच.

झालं काय होतं ते नंतर कळलं. फेब्रुवारीत एकदा टॅली चालू असताना लाईट गेली आणि इन्व्हर्टरनं दगा दिला, तेव्हाच ती फाईल बिघडली असणार, पण बंद वर्षाची कंपनी रोज कोण उघडून बघतंय? सॉफ्टवेअरनं आपलं काम इमानदारीनं केलं, बिघडलेली फाईल रोज जपून ठेवली. आणि चांगली फाईल कुठं गेली? तर आमच्या दुकानातल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग त्याच डी ड्राइव्हवर पडायचं, ते पण बॅकअपमधे जायचं, त्यानं डिस्क भरायची, आणि सेटिंग होतं की जागा संपली की सगळ्यात जुनं काढून टाक. म्हणजे दुकानासमोर उभ्या राहिलेल्या टेम्पोचा आणि हमाल लोकांच्या चहाचा व्हिडिओ ठेवायला जागा पायजे म्हणून २०१८-१९ चा चांगला हिशोब सॉफ्टवेअरनं फेकून दिला. त्याला काय माहित कोणतं महत्वाचं, त्याच्या हिशोबानं सगळं एकाच पोत्यातलं.

मग काय, गोडाऊनमधे बारदान्याखाली पट्टीबुकांच्या कार्बन कॉपी होत्या, काही उंदरानं खाल्लेल्या, त्या काढून तीन आठवडे बसून परत एन्ट्री मारल्या. मालक येता-जाता विचारायचे, "काय करलालास रं येवढे दिवस?" काय सांगणार.

पुण्याला माझा भाचा आहे आयटीत, त्याला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणला, "मामा, तुम्ही सगळ्याचा मिळून एकच सेट केलाय, तिथंच घोळ आहे." मी म्हणलं मग किती करायचे? तर म्हणला, "ते मी कसं सांगू, दुकान तुमचं आहे, कोणता कागद किती दिवस लागतो ते तुम्हालाच माहित." तेव्हा मला त्याचा राग आला होता, पण त्या पोरानं खरं तेच सांगितलं होतं, पुढं दोन वर्षं मी तेवढंच शिकत होतो.

सेट म्हणजे काय ते ज्यांना माहित नाही त्यांच्यासाठी सांगतो. बॅकअपच्या सॉफ्टवेअरमधे तुम्ही वेगवेगळे गट करू शकता, आणि प्रत्येक गटाला आपापलं सांगता येतं की कोणती फोल्डरं घ्यायची, कोणती वगळायची, कधी घ्यायचा, कुठल्या डिस्कवर ठेवायचा, जुनं किती दिवस ठेवायचं आणि पासवर्ड काय. एवढंच. पण हे ठरवायला बसलं की लक्षात येतं आपण आपल्याच दुकानाचा कधी असा विचारच केला नव्हता.

आपल्या भागात हे समजवायला फार लांब जायची गरज नाही. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हाचं लातूर आठवा. घराघरात पाण्याचे सेटच होते की! पिण्याचं वेगळ्या हंड्यात फडकं बांधून, सैपाकाचं वेगळं, वापरायचं ड्रममधे, आणि भांडी धुतलेलं संडासात टाकायला बादलीत. ते सगळं एका टाकीत ओतून "आमच्याकडं दोन हजार लिटर साठा आहे" असं कुणी म्हणलं असतं तर आमच्या आईनं त्याला वेड्यात काढलं असतं. कोणतं किती दिवस पुरवायचं, कोणतं संपलं तर चालतंय, हे घरच्या बाईला तोंडपाठ होतं. मी मात्र हिशोबाचं पाणी आणि कॅमेऱ्याचं सांडपाणी एकाच ड्रममधे भरून बसलो होतो.

तर मी परत पहिल्यापासून मांडणी केली. पहिला सेट चालू वर्षाच्या हिशोबाचा, त्यात टॅलीचा चालू कंपनीचा डेटा, पट्टीच्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस आणि उधारीची एक्सेल. हे सगळं मिळून एक जीबी पण होत नाही, म्हणून हा दिवसातून दोनदा घेतो, आणि यातलं मागच्या चौदा दिवसांचं सगळं ठेवायचं, त्याच्या मागं दोन महिने आठवड्याला एक, त्याच्या मागं वर्षभर महिन्याला एक. या पद्धतीला इंग्रजीत आजोबा-बाप-लेक असं नाव आहे, मला ते लई आवडलं, लेक रोज बदलतो, आजोबा जागेवर बसून असतात. आता एखादी फाईल फेब्रुवारीत बिघडली आणि मे मधे कळलं तरी जानेवारीतले आजोबा घरात आहेत.

इथं एक बारकी गोष्ट सांगतो जी मला कुणी सांगितली नव्हती. टॅलीच्या डेटा फोल्डरात प्रत्येक कंपनीचं फोल्डर म्हणजे नुसता आकडा असतो, नाव नसतंच. दुकान कोणतं आणि वर्ष कोणतं हे बाहेरून बघून कळत नाही. बॅकअप लावून द्यायला आलेला पोरगा काय करतो, अंदाजानं टिक मारतो. मी आता कोणता आकडा म्हणजे कोणती फर्म, कोणतं वर्ष, हे कागदावर लिहून मॉनिटरच्या मागं चिकटवलंय.

दुसरा सेट बंद वर्षांचा. ऑडिट झालं, रिटर्न भरलं, आता त्या वर्षात कुणी हात घालणार नाही, असं झालं की ते फोल्डर पहिल्या सेटमधून काढून इथं येतं. याचा रोज बॅकअप घ्यायचा काही संबंधच नाही, एकदा घ्यायचा, दोन वेगळ्या डिस्कवर घ्यायचा, उघडून बघायचा आणि "आपोआप काढून टाक" हे सेटिंग बंद. किती दिवस ठेवायचं हे पण माझ्या मनाचं नाही. जीएसटी कायद्यात वार्षिक रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशोब जपायला सांगितलंय, आणि ती तारीख साधारण वर्ष संपल्यावर येणारी ३१ डिसेंबर, म्हणजे ३१ मार्चपासून मोजलं तर पावणेसात वर्षं झाली. त्यात अपील किंवा केस चालू असेल तर निकाल लागल्यावर अजून वर्षभर. प्रायव्हेट लिमिटेड वगैरे कंपनी असेल तर कंपनी कायद्यात आठ वर्षं, आणि २०२२ पासून त्यांना हिशोबाच्या वह्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्याच सर्व्हरवर ठेवायला लागतो. आम्ही आडतवाले त्यात येत नाही पण दालमिल कंपनी असली तर येते, ज्यांना लागू आहे त्यांनी सीएला विचारून घ्या. आता मला सांगा, ज्या सेटमधे पावणेसात वर्षं ठेवायचा माल आहे त्याच सेटमधे "शेवटचे ३० बॅकअप ठेव" असं सेटिंग चालंल का?

तिसरा सेट कागदांचा, म्हणजे लायसन, करारनामे, बँकेची स्टेटमेंटं, स्कॅन केलेली बिलं, मालकाच्या जमिनीचे सातबारे. आठवड्याला एकदा. चौथा फोटोचा, मालकाच्या नातवंडांचे, लग्नाचे, ते महिन्याला. फोटोत एक गंमत आहे, फोटो एकदा काढला की बदलत नाही, म्हणून त्याच्या पंधरा आवृत्त्या ठेवायची गरज नाही, पण म्हणून त्याला नुसतं सिंक लावू नका. सिंक म्हणजे आरसा आहे, इकडं नातवानं खेळता खेळता फोल्डर डिलीट केलं की तिकडचं पण जातं. लोक मोबाईलवर फोटो "वर" गेले म्हणजे बॅकअप झाला समजतात, तो सेट न्हवं.

आणि कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग? त्याचा बॅकअपच नाही. आठवड्यात काही भानगड झाली तर तेवढी क्लिप काढून कागदांच्या सेटमधे टाकतो, बाकी जाऊ दे. बॅकअपमधे काय घ्यायचं नाही हे ठरवायला जास्त हिम्मत लागते, मालक पहिल्यांदा चिडलेच होते, "कॅमेऱ्याला पैसे घातले ते कशाला?" म्हणून.

आता वाचून वाटंल की मुनीम लई हुशार झाला. थांबा. पहिल्या झटक्यात मी चार नाही, चौदा सेट केले होते. एकदा दूध पोळलं की ताक फुंकून पिणारा माणूस मी, प्रत्येक फोल्डरला वेगळा सेट, प्रत्येकाला वेगळी वेळ. त्यातला एक महिनाभर फेल होत होता आणि मला पत्ता नव्हता, कारण रोज चौदा मेसेज कोण वाचणार. पासवर्ड चौदा. आणि खरी फजिती त्यापुढची आहे. पट्टीच्या सॉफ्टवेअरमधे पट्टीसोबत वजनकाट्याच्या पावतीचा फोटो जोडता येतो, डेटाबेस एका फोल्डरात आणि फोटो दुसऱ्या फोल्डरात. मी दोन्हीचे दोन सेट केले, डेटाबेस रोज, फोटो रविवारी. नंतर कॉम्प्युटर बदलला तेव्हा दोन्ही रिस्टोर केलं तर डेटाबेस शुक्रवारचा आला आणि फोटो रविवारचे, मधल्या पाच दिवसांच्या पट्ट्या फोटोसाठी तोंड उघडून बसल्या. म्हणजे बैल एका गावाला आणि गाडी दुसऱ्या गावाला.

तेव्हापासून मी सेट करताना दोनच गोष्टी विचारतो, फोल्डर कुठं आहे ते बघतच नाही. एक, ही फाईल परत येताना कुणासोबत यायला पायजे? ज्या फायली एकमेकाशिवाय कामाच्या नाहीत त्या एकाच सेटमधे, एकाच वेळेला. दोन, ही किती दिवस ठेवायची? ज्यांची मुदत वेगळी त्यांचा सेट वेगळा. एवढ्या दोन चाळण्या लावल्या की चौदाचे चार झाले. भाचा म्हणला अजून एक फायदा आहे, बरीच नवी सॉफ्टवेअरं सारखा मजकूर एकदाच साठवतात पण ते एकाच साठ्याच्या आत, फार तुकडे केले आणि प्रत्येकाला वेगळा साठा दिला की तीच फाईल चार ठिकाणी जागा खाते.

शब्दांचा घोळ तर विचारूच नका. तुमच्या लेखात "बॅकअप सेट बनवा" असं एका ओळीत लिहून मोकळे झालात, पण माणूस सॉफ्टवेअर उघडतो तेव्हा तिथं सेट हा शब्दच नसतो. कुठं जॉब म्हणतात, कुठं प्लॅन. रेस्टिक नावाच्या बॅकअपच्या सॉफ्टवेअरमधे साठ्याला रिपॉझिटरी आणि प्रत्येक वेळच्या बॅकअपला स्नॅपशॉट, त्याला टॅग लावून गट करायचे. त्यात अजून मजा अशी की जुना स्नॅपशॉट "फर्गेट" केला तरी डिस्कवर जागा मोकळी होत नाही, "प्रून" वेगळं करायला लागतं. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या सॉफ्टवेअरमधे बॅकअप सेट म्हणजे एका वेळी घेतलेल्या बॅकअपचा मजकूर, आणि तो ज्या टेपांवर किंवा फायलींवर पडतो त्याला मीडिया सेट. बाकुला म्हणून एक जुनं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात तर कोणत्या फायली घ्यायच्या तो फाइलसेट वेगळा, कोणत्या डिस्क-टेपवर ठेवायच्या तो पूल वेगळा, वेळापत्रक वेगळं, आणि या सगळ्यांची मोट बांधणारा जॉब वेगळा. (रात्री येऊन कॉम्प्युटरचं रक्त पिणारा म्हणून ड्रॅक्युलावरून ते नाव.) मला सुरुवातीला वाटलं कशाला एवढा पसारा, पण विचार केला तर त्याचीच मांडणी सगळ्यात स्वच्छ आहे. काय ठेवायचं आणि किती दिवस ठेवायचं हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे ते तुम्हाला विसरूच देत नाही.

वेळेबद्दल पण सांगायचंय. बरीच सॉफ्टवेअरं रात्री दोनसारखी वेळ धरून चालतात. मराठवाड्यातल्या कोणत्या दुकानात रात्री दोनला कॉम्प्युटर चालू असतो? आमच्याकडं शटर ओढताना मेन स्विच पाडायचा नियम आहे, शॉर्टसर्किटची भीती. म्हणजे रात्रीचा बॅकअप जन्मात होणार नाही. आमचा पहिला दुपारी दीडला, सौदे आटपून मालक जेवायला गेले की, आणि दुसरा सहाला, पट्ट्या झाल्या की. शिवाय एक टिक असते, वेळ चुकली तर कॉम्प्युटर चालू झाल्यावर लगेच घे अशी, ती मारून ठेवली. आणि त्या वेळेला टॅली बंद करतो, उघडी फाईल अर्धवट उचलली जाऊ नये म्हणून. विंडोजमधे उघड्या फायलींची एका क्षणाची छबी धरून ठेवायची सोय आहे, चांगली सॉफ्टवेअरं ती वापरतात, पण मी अजून जुन्या वळणाचा, बंदच करतो.

पूर्ण बॅकअप आणि फक्त बदललेल्याचा बॅकअप यातला फरक मला रोजमेळानं, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीनं कळला. रविवारी पूर्ण घेतला म्हणजे आरंभीची शिल्लक ओढली. सोमवारपासून रोज फक्त त्या दिवशी बदललेलं, म्हणजे रोजमेळाचं एकेक पान. आता बुधवारचं पान फाटलं तर शुक्रवारची शिल्लक तुम्ही काढणार कशी? दुसरा एक प्रकार असतो ज्यात रोज रविवारपासूनचं सगळं परत लिहितात, जागा जास्त खातो पण मधलं पान फाटलं तरी अडत नाही. म्हणून जागा करायला डिस्कवर जाऊन हातानं "जुन्या" फायली डिलीट करणाऱ्या लोकांना हात जोडून विनंती, तुम्ही जी जुनी समजून काढताय ती आरंभीची शिल्लक असू शकते. काढायचं तर सॉफ्टवेअरला सांगून काढा, त्याला माहित असतं कोण कुणावर उभं आहे.

खरं बघितलं तर यात नवीन काहीच नाही. आमचे वडील तहसीलला कारकून होते. सरकारी ऑफिसात सहा गठ्ठे पद्धत असायची, अजून आहे, चालू प्रकरणांचा एक, उत्तराची वाट बघणाऱ्यांचा एक, नियतकालिकांचा एक, स्थायी आदेशांचा एक, रेकॉर्ड रूमला पाठवायच्यांचा एक आणि नष्ट करायच्यांचा एक. रेकॉर्डला पण अ, ब, क, ड असे वर्ग, अ म्हणजे कायम, ब म्हणजे तीस वर्षं, ड म्हणजे वर्षभरात नष्ट. आम्ही लहानपणी हसायचो, बाबा घरी पण लाईटबिलं वेगळ्या सुतळीनं बांधायचे. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला निजामकाळातले उर्दू आणि मोडीतले कागद बाहेर काढले, वाचणारे शोधून आणले, तेव्हा आम्ही टीव्हीवर बघत होतो की शंभर-शंभर वर्षांचे कागद कपड्यात बांधलेले निघताहेत. बाबा तेव्हा खुर्चीतून म्हणले, "बांधणारानं नीट बांधलं म्हणून सापडलालंय." मी तेव्हा माझे चौदा पासवर्ड शोधत होतो.

बाहेरच्या कॉपीचं तुम्ही लिहिलंय ते मात्र कुणीच मनावर घेत नाही, आपल्या भागानं तरी घ्यायला पायजे. ३० सप्टेंबर १९९३, गणपती बुडवून लोक झोपलेले, पहाटे चारच्या आसपास किल्लारीचा भूकंप. माझे एक नातेवाईक तिकडं किराणा चालवायचे. ते वाचले, पण दगडमातीच्या भिंतीखाली दुकान, घर आणि उधारीच्या वह्या एकदमच गेल्या, कारण वही दुकानात आणि तिची नक्कल मागच्या खोलीत. माणसं गेल्यावर वह्यांचं कुणी बोललं नाही, ते बरोबरच होतं. पण नक्कल कुठं ठेवायची हे मला विचारलं की मला ती मागची खोली आठवते. तर बंद वर्षांच्या सेटची दुसरी डिस्क आमच्याकडं मालकाच्या घरी असते, आणि चालू हिशोबाची एक कॉपी दर शनिवारी माझ्यासोबत माझ्या घरी येते. डिस्क कायम कॉम्प्युटरला खोचून ठेवायची नाही हे पण यातच आलं. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय आला तेव्हापासून असले खंडणी मागणारे व्हायरस सगळ्यांना माहित झालेत, जी डिस्क खोचलेली असते ती पण ते कुलूपबंद करतात.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी एक पट्टी परत काढून बघतो. जुन्यातली कोणती पण, डोळे झाकून. दुसऱ्या फोल्डरात रिस्टोर करायची, उघडायची, वजन आणि रक्कम कार्बन कॉपीशी ताडायची. दहा मिनिटं लागतात. हिरव्या टिकवर माझा आता भरवसा नाही.

आता तुमच्याकडं मागणं असं आहे. तुम्ही पुढच्या वेळी लिहाल तेव्हा "बॅकअप घ्या" एवढ्यावर थांबू नका, दुकानदार, डॉक्टर, शाळेचा क्लार्क, फोटो स्टुडिओवाला, यांनी आपापले गट कसे पाडायचे हे एकेक उदाहरण घेऊन लिहा, कारण फोटो स्टुडिओचे गठ्ठे आणि दवाखान्याचे गठ्ठे सारखे असूच शकत नाहीत. आणि ते जॉब, प्लॅन, पूल, रिटेन्शन (जुनं किती दिवस ठेवायचं ते) हे शब्द आपल्या भाषेत समजावून एक चौकट छापा, कापून भिंतीवर लावता येईल अशी. जे लोक बॅकअप "बसवून" द्यायला येतात त्यांच्यासाठी पण लिहा, की टिक मारायच्या आधी दुकानाच्या मुनिमाला पाच मिनिटं समोर बसवून विचारा. आमच्याकडं आला होता त्यानं मला फक्त वायफायचा पासवर्ड विचारला होता.

आपला वाचक,
आडतीवरचा एक मुनीम, लातूर

ता.क. हे पत्र टाईप करताना आठवलं म्हणून मालकाच्या घरी फोन केला, बंद वर्षांची डिस्क जागेवर आहे का विचारायला. काकू म्हणल्या, "ती काळी डबी व्हय? नातवानं त्यात पिक्चर भरून नेलेत हॉस्टेलला." उद्या नांदेडला निघालोय.